पुन्हा येणारी ओळ

बारशाची वेळ टळत चालली होती. सांगली जिल्ह्यातील एका जुन्या घराच्या सोप्यात फुलांनी सजविलेला पाळणा टांगलेला होता. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगून झाले होते, घुगऱ्यांची पातेली झाकून ठेवली होती. आता पाळणा म्हणायचा तेवढा राहिला होता. घरातल्या थोरल्या आजी दोन वर्षांपूर्वी निवर्तल्या. आजवर प्रत्येक बारशाला पाळणा त्याच म्हणत. जाण्यापूर्वी त्यांनी तो वहीत उतरवून ठेवला होता, याचा सर्वांना मोठा आधार वाटत होता. वही उघडली. निळ्या शाईतले वळणदार अक्षर, पाच कडवी, कोठेही खाडाखोड नाही. पहिल्या कडव्यानंतर ध्रुपदाची ओळ पूर्ण लिहिलेली होती. पुढच्या प्रत्येक कडव्याच्या शेवटी मात्र उभ्या रेघांच्या मध्ये एकच अक्षर होते : ‘ध्रु.’

सुनांनी पहिले कडवे व्यवस्थित म्हटले. दुसऱ्या कडव्याच्या अखेरीस मात्र घोटाळा झाला. एकीने ध्रुपदाची संपूर्ण ओळ घेतली. दुसरीने तिचा उत्तरार्धच उचलला. तिसरीला आठवत होते की आजी ही ओळ दोनदा म्हणत आणि दुसऱ्या वेळी आवाज खाली आणत. तिघी तीन ठिकाणी जाऊन पोहोचल्या आणि हसून थांबल्या. कुणीतरी मोबाइलवर ध्वनिमुद्रित पाळणा लावला. बाळ झोपले, घुगऱ्या वाटल्या गेल्या, कार्य यथास्थित पार पडले. थोरली सून मात्र वही मांडीवर घेऊन बराच वेळ बसून होती. सासूबाईंनी एकूण एक शब्द लिहून ठेवला होता, आणि तरीही पाळणा काही त्या वहीत नव्हता.

‘ध्रुव’ म्हणजे अचल, स्थिर. जे पद आपल्या जागेवरून हलत नाही, ज्याच्याकडे प्रत्येक कडव्याला परतून यावे लागते, ते ध्रुवपद. त्याचेच रूळलेले रूप ध्रुपद. संतांच्या अभंगांच्या छापील गाथा उघडल्या की हेच अक्षर ओळीओळींच्या शेवटी भेटते. गाणाऱ्याला ती खूण पुरते. त्याच्या घशात चाल असते, बाजूला टाळकरी असतात आणि ओळ कोठे परतायची हे त्यांच्या पावलांनाही ठाऊक असते. एकट्याने, मनातल्या मनात वाचणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याची नजर त्या अक्षरावरून सरळ पुढे सरकते. ओळ एकदा वाचून झाली आहे, तिचा अर्थ कळला आहे, मग पुन्हा कशाला? हिशेबाच्या वहीत एकच नोंद दोनदा आली तर ती चूक ठरते आणि तपासनीस तिच्याभोवती लाल वर्तुळ काढतो. कविता वाचतानाही सुशिक्षित माणूस नकळत हाच न्याय लावतो.

परंतु कवितेच्या वहीत दुसरी नोंद पहिलीसारखी दिसली, तरी तिची रक्कम वेगळी असते. उदाहरणापुरती एक साधी रचना पाहू. माप मोठ्या अभंगाचे आहे, म्हणजे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक :

दिवेलागणीला
आई वाट पाहे
कुणी येत आहे
दूर कोठे

संध्याकाळ आहे, दिवा लागला आहे, कुणीतरी घरी परतते आहे. मनात काळजी असली तरी ती रोजचीच. आता पुढचे कडवे :

विझल्या दिव्याशी
आई वाट पाहे
कुणी येत आहे
दूर कोठे

एकूण २२ अक्षरांपैकी केवळ ६ बदलली, १६ जशीच्या तशी राहिली. तरीही ‘कुणी येत आहे’ हे शब्द आता पूर्वीचे राहिले नाहीत. पहिल्या वेळी ती बातमी होती. दुसऱ्या वेळी तो आईच्या मनाचा हट्ट आहे, कदाचित भ्रमही. शब्द हललेच नाहीत म्हणून तर मधल्या काळात काय घडून गेले ते कळते. नदीकाठी रोवलेली खूण जागची हलत नाही, म्हणूनच पाणी किती चढले ते तिच्यावरून समजते. दुसऱ्या कडव्याचे ते तीन चरण गाळून तेथे ‘ध्रु.’ एवढेच छापले, तर वाचणाऱ्याच्या हाती विझलेला दिवा उरेल, वाट पाहणारी आई निसटून जाईल.

पुनरावृत्तीची ही रीत विद्वानांनी ठरवून केलेली नाही. ती हातांच्या कामातून आली. जात्यावर पहाटे दोघी समोरासमोर बसत. खुंट्यावर दोघींचे हात एकावर एक. एक मोकळ्या हाताने मूठमूठ धान्य जात्याच्या तोंडात सोडी. दगड फिरून मूळ जागी येण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात एक शब्दसमूह बसला पाहिजे, श्वास त्यात पुरला पाहिजे आणि पुढची ओळ सुचेपर्यंत मागची धरून ठेवता आली पाहिजे. म्हणून एकीने ओळ म्हणायची, दुसरीने ती झेलायची. पहिली ओवी अमक्याला, दुसरी तमक्याला, असे मोजत मोजत पुढे जायचे. मध्येच ‘बाई’, ‘गं’, ‘सये’ असे शब्द येत. अर्थाच्या दृष्टीने ते रिकामे वाटतात. पण तेवढ्या अवधीत दमलेला हात सावरतो आणि पुढची ओळ ओठांवर येते. कागदावर दोन ओळींत मावणारी ओवी प्रत्यक्ष गाण्यात कितीतरी लांबते ती यामुळे.

गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत हिंडून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. या एका आकड्यावरूनही कल्पना यावी की साक्षरतेशी ज्यांचा संबंध येऊ दिला गेला नाही, त्या बायकांनी केवढा ठेवा नुसत्या स्मरणात सांभाळला होता. कागद नाही, दौत नाही, हाताशी फक्त लय आणि आवर्तन. बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करता करता त्यांच्या ओठांवर आलेल्या रचना त्यांचे पुत्र सोपानदेव आणि इतर आप्तांनी टिपून ठेवल्या म्हणून १९५२ साली पुस्तकरूपाने मराठी वाचकांच्या हाती आल्या. टिपणारे कुणी नव्हते अशी घरे किती असतील, याचा हिशेब कोणाजवळही नाही.

पुढे गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या. बायकांच्या खांद्यावरचे एक अतोनात कष्टाचे ओझे उतरले, आणि ते उतरले हे उत्तमच झाले. जात्याचे गोडवे गाणाऱ्यांपैकी पहाटे तीनला उठून पायलीभर जोंधळे दळण्यास किती जण तयार होतील, हा प्रश्नच आहे. पण दगड थांबला तशी ओवीही थांबली, हेही तितकेच खरे. ती डोक्यात जेवढी होती, त्याहून अधिक मनगटात होती.

स्मरणाच्या या कामी पुनरावृत्तीचा उपयोग आपल्या देशात फार पूर्वीपासून अत्यंत शिस्तीने केला गेला. वेदपाठाच्या घनप्रकारात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा, मग तिसरा-दुसरा-पहिला आणि शेवटी पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा, अशा क्रमाने शब्द उलटसुलट म्हटले जातात. एखादे अक्षर जरी ढळले तरी उलट्या फेरीत ते पकडले जावे, अशी ही योजना आहे. दिवसअखेर उभी बेरीज आणि आडवी बेरीज जुळवून पाहण्यासारखेच ते.

जैन आगमही दीर्घकाळ मुखपरंपरेने चालत आले. श्वेतांबर परंपरेनुसार वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमण यांच्या नेतृत्वाखाली वीरनिर्वाणानंतर ९८० वर्षांनी (दुसऱ्या गणनेप्रमाणे ९९३) ते ग्रंथारूढ झाले. त्या सूत्रांत नगरीचे वर्णन, उद्यानाचे वर्णन, राजाचे वर्णन ठरलेल्या शब्दांत वारंवार येते. पाठ करणाऱ्याला ही आवर्तने विश्रांतीच्या ठिकाणांसारखी होती. लिहिण्याची वेळ आली तेव्हा मात्र प्रत्येक वेळी तोच मजकूर उतरविणे परवडेना. लेखनिकांनी दोन खुणा योजिल्या : ‘वण्णओ’, म्हणजे येथे ठरलेले वर्णन घ्यावे; आणि ‘जाव’, म्हणजे येथपासून अमुक शब्दापर्यंत सारे पूर्वीप्रमाणे. त्यांतील पुष्कळशी वर्णने पूर्ण पाहावयाची तर औपपातिक सूत्र उघडावे लागते. ‘जाव’ आणि ‘ध्रु.’ ही दोन्ही एकाच घरची भावंडे होत. जोवर मुखपाठ जिवंत असतो तोवर ही खूण पुरेशी असते. तो खंडित झाला की ती कुलूप होऊन बसते आणि किल्ली भलत्याच ठिकाणी राहते. आजींच्या वहीचे नेमके हेच झाले होते.

ओळ परत येते ती मोठी पुनरावृत्ती. तिच्या आत लहान लहान पुनरावृत्त्या सतत चालू असतात. त्यांनाच आपण वृत्त म्हणतो. भुजंगप्रयात घ्या. लघु, गुरु, गुरु असा तीन अक्षरांचा गण एका चरणात चार वेळा येतो. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. एका श्लोकात १६ वेळा, म्हणजे २०५ श्लोकांत ३,२८० वेळा तेच पाऊल पडते. एवढ्या वेळा तीच हालचाल कानावर पडूनही कंटाळा येत नाही. याचे कारण शोधायचे तर चरण मोठ्याने म्हणून पाहावा. गणाचा सांधा जेथे असतो तेथेच शब्द संपतो असे नाही. कधी शब्द गणाच्या मध्येच सुटतो, कधी दोन गणांवरून पुढे वाहत जातो. पाऊल ठरलेले, पण वाटेतले वळण अनपेक्षित. त्यामुळे कान जागा राहतो. शब्द आणि गण प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी संपू लागले की रचना ठेक्याची होते आणि मुले ती पाढ्यांसारखी घोकू लागतात.

मानतुंगाचार्यांचे भक्तामर स्तोत्र वसंततिलका वृत्तात आहे. चरणात १४ अक्षरे. दिगंबर परंपरेत ४८ श्लोक, श्वेतांबर परंपरेत ४४. ज्यांना संस्कृतचा एक शब्दही कळत नाही असे कितीतरी श्रावक-श्राविका ते न अडखळता म्हणतात. कधी एखादा ऱ्हस्व उच्चार चुकून दीर्घ झाला, तर अर्थ न कळणाऱ्या आजीही चटकन थांबून म्हणतात, ‘इथं काहीतरी चुकतंय.’ वृत्त हा त्यांचा व्याकरणाचा गुरू. आता यात एक धोका आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. जीभ इतकी सरावते की मन दुसरीकडे भटकायला मोकळे होते. बारा श्लोक झाले की सोळा, हे म्हणणाऱ्याला सांगता येत नाही. लयीने स्मरणाचा भार उचलला म्हणजे मनाला जी सवड मिळते, तिचे काय करायचे ते लय ठरवीत नाही, म्हणणारा ठरवतो.

पुनरावृत्तीचा सर्वांत कठोर हिशेब गझलेत असतो. सुरेश भटांनी (१९३२–२००३) मराठीत गझल रुजविली आणि नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहून तिचे नियमही समजावून दिले. पहिल्या शेराच्या दोन्ही ओळींच्या अखेरीस आणि त्यानंतर प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीच्या अखेरीस जो शब्द किंवा शब्दसमूह तसाच्या तसा परत येतो, तो रदीफ; त्याच्या लगेच आधीचे यमक म्हणजे काफिया. ऐकणाऱ्याला शेवटचा शब्द आधीच ठाऊक असतो. मुशायऱ्यात तर श्रोते तो कवीबरोबर स्वतःच उच्चारतात. तेव्हा कवीची कसोटी ही की ठाऊक असलेला शब्द ठाऊक नसलेल्या वाटेने आणून उभा करायचा. पहिली ओळ तो दोनदा, तीनदा म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवतो. मग दुसरी ओळ येते आणि तोच रदीफ एका शेरात तक्रार होतो, दुसऱ्यात थट्टा, तिसऱ्यात कबुली. पाच शेरांत पाच वेळा एकच अर्थ आला, तर ती गझल नियमांत कितीही चोख असली तरी फसली.

मुक्तच्छंदाने मात्रांचा आणि गणांचा हिशेब बाजूला ठेवला, तेव्हा पुनरावृत्तीही संपेल असे अनेकांना वाटले असावे. घडले उलटेच. ठरलेले माप नाहीसे झाल्यावर कवितेला बांधून ठेवण्याचे काम पुन्हा येणाऱ्या शब्दांकडे आणि वाक्यांच्या ठेवणीकडे आले. चांगला मुक्तच्छंद मोठ्याने वाचला की त्यातले हे टाके कानाला जाणवतात.

राहिल्या त्या रोज सकाळी मोबाइलवर येणाऱ्या कविता. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘आई’ किंवा ‘मैत्री’ हा शब्द ठेवला की काव्य झाले, असा समज त्यांत पसरलेला दिसतो. त्या पाठविणाऱ्यांचा स्नेह खरा असतो, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पारख करायची असेल तर एक साधी युक्ती आहे. परतून येणारी ओळ दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या ठिकाणी झाकून कविता वाचावी. काहीच हरवल्यासारखे वाटले नाही, तर ती ओळ भरतीची होती. मन अडखळले, काहीतरी अर्धवट राहिल्यासारखे झाले, तर ती ओळ तेथे हवीच होती. एरवी ही परीक्षा पाहण्याची वेळच येत नाही, कारण सर्व वाचन मुक्याने चालते. ओठ हलविल्याशिवाय लय कळत नाही. पूर्वी मोठ्याने वाचणाऱ्या मुलाला ‘मनात वाच’ म्हणून गप्प करीत. परीक्षेच्या अभ्यासापुरते ते ठीक असेल. कवितेच्या बाबतीत तो सल्ला वाईट होता.

बारशानंतर आठवड्याभराने थोरल्या सुनेने माहेरवाशीण म्हणून राहायला आलेल्या आत्याबाईंना गाठले. आत्याबाई म्हणजे निवर्तलेल्या आजींची नणंद. वय ऐंशीच्या पुढे, ऐकायला कमी येते. सुनेने वही त्यांच्यापुढे धरली आणि विचारले, “आत्याबाई, हे ध्रुपद आई कसं घेत होत्या, तेवढं सांगा ना.”

आत्याबाईंनी चष्मा पुसला, पाने उलटली, एक-दोनदा ओठ हलविले आणि मान हलविली. “असं नुसतं बसून न्हाई आठवायचं गं. वहिनी कशी म्हणायची ते कानात हाय, तोंडात येईना झालंय.”

सून निराश होऊन उठणार, तोच आतल्या खोलीत बाळ रडू लागले. आत्याबाई सावकाश उठल्या, पाळण्याजवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, “दोरी दे इकडं.”

दोरी हातात आली. पाळणा एकदा गेला आणि परत आला, दुसऱ्यांदा गेला आणि परत आला. तिसऱ्या झोक्याला आत्याबाईंनी पहिले कडवे धरले. ध्रुपदाची ओळ पूर्ण आली. दुसऱ्या कडव्यानंतर ती दोनदा आली, दुसऱ्यांदा खालच्या आवाजात. तिसऱ्या आणि चौथ्या कडव्याला तिचा केवळ उत्तरार्ध आला, कारण कडव्याची शेवटची ओळच तिच्या पूर्वार्धात मिसळून गेली होती. पाचव्या कडव्याला ओळ तीन वेळा आली, प्रत्येक वेळी अधिक संथ, आणि शेवटच्या वेळी शब्दही नव्हते, नुसता हुंकार होता. पाळण्याचा झोकाही तोवर वीतभरच उरला होता.

त्या रात्री सुनेची शाळकरी मुलगी नवी वही घेऊन बसली. आईने सांगितले तसा तिने पाळणा पुन्हा उतरवून काढला. प्रत्येक ठिकाणी ओळ पूर्ण लिहिली, जेथे दोनदा येते तेथे दोनदा आणि तीनदा येते तेथे तीनदा. आजींच्या वहीत जे एका पानात मावले होते, त्याला तीन पाने लागली. शेवटच्या हुंकाराशी येऊन ती थांबली आणि हे कसे लिहायचे म्हणून तिने आईकडे पाहिले.